मार कुठवर पोचला?

मे महिन्यात वळवाचा पहिला जोराचा पाऊस होऊन गेला, की तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीच्या दुकानांत पीसीबी येऊ लागतात. फ्रिजचे, वॉशिंग मशीनचे, इन्व्हर्टर एसीचे, टीव्हीचे. कुणी पिशवीत घालून आणतो, कुणी अख्खे मशीनच टेम्पोत टाकून. सोबतचे वाक्य बहुधा एकच असते : "लाईट एकदम फुल झाली आणि बंद पडलं." पुढे काय करायचे याबद्दल या धंद्यात दोन पक्के पंथ आहेत. एक सांगतो, बोर्ड बदला. दुसरा सांगतो, आधी उघडून बघू.

हे दोन्ही पंथ मला एकाच घरात ऐकायला मिळाले. मामांचे दुकान काचेच्या नळीच्या टीव्हीच्या काळापासून चालू आहे. भाचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून एका कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये लागला आहे. दोघांनाही आपल्या कामाची चाड आहे, म्हणूनच वाद ऐकण्यासारखा होता. टेबलावर एकाच गल्लीतून आलेले दोन बोर्ड होते, एक वॉशिंग मशीनचा आणि एक एसीच्या बाहेरच्या युनिटचा. वादळात झाडाची फांदी पडून डीपीजवळ तार तुटली होती.

भाचा : मामा, या गल्लीतल्या तक्रारी आमच्याकडेही आल्यात. आम्ही सरळ नव्या बोर्डाची ऑर्डर टाकतो. बोर्ड येतो, बसवतो, त्यावर वॉरंटी देतो. तुम्ही एकेका बोर्डावर दुपार घालवता.

मामा : दुपार दुरुस्तीला लागत नाही रे. तो गेला कशानं हे शोधायला लागते. मला सांग, यावर वीज पडली होती की न्यूट्रल तुटला होता?

भाचा : आम्ही दोन्हीला 'सर्ज' लिहितो. एवीतेवी वॉरंटीत बसत नाही.

मामा : तिथंच घोळ होतो. वीज जवळपास पडली की तारांमध्ये जो झटका उठतो, तो मायक्रोसेकंदांचा. प्रयोगशाळेत चाचणीला जी ठरावीक लाट सोडतात, तीसुद्धा आठ मायक्रोसेकंदांत चढते आणि विसाव्याला निम्म्यावर उतरते. न्यूट्रल तुटला तर गोष्टच वेगळी. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये ४००. न्यूट्रल गेला की एका फेजवरची घरं आणि दुसऱ्या फेजवरची घरं एकमेकांशी सिरीजमध्ये जोडली जातात, ती चारशेवर. मग ज्या बाजूला लोड कमी, तिथं व्होल्टेज जास्त. समोरच्या घरात गिझर आणि इस्त्री चालू होती, त्यांचे बल्ब नुसते मिणमिणले. याच्याकडं फक्त एवढीशी उपकरणं. याच्या वाट्याला साडेतीनशे आले असतील. आणि ते मायक्रोसेकंदांसाठी नाही, वायरमननं खटका पाडेपर्यंत.

भाचा : पण बोर्ड मेला तो मेलाच ना? कशानं मेला त्यानं काय फरक पडतो?

मामा : मार कुठून आला आणि कुठवर पोचला, हे त्यावरूनच कळतं. न्यूट्रलचा मार पुढच्या दारानं येतो आणि दिसेल असं जाळत जातो. विजेचा मार डिशच्या केबलमधून येईल, लॅनच्या तारेतून येईल, एचडीएमआयमधून बाहेर पडेल. कधीकधी फ्यूजसुद्धा शाबूत असतो, आणि आत मायक्रोकंट्रोलर खलास.

मामांचे हे बोलणे वाचकाने नीट समजून घ्यावे, कारण सगळ्या निदानाचा पाया तोच आहे. बहुतेक घरगुती बोर्डांची दारातली मांडणी सारखी असते. आधी फ्यूज, मग व्हॅरिस्टर म्हणजे एमओव्ही, त्यानंतर आवाज गाळणारे कपॅसिटर आणि चोक, चालू करतानाचा धक्का रोखणारा एनटीसी, मग ब्रिज रेक्टिफायर आणि मोठा कपॅसिटर. २३० व्होल्ट एसीचे इथे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात. यापुढे एसएमपीएसचा आयसी हे ३२५ व्होल्ट कापून बारा आणि पाच व्होल्टवर आणतो. बारावर रिले चालतात, पाचावर मायक्रोकंट्रोलर.

यात एमओव्ही म्हणजे धरणाचा सांडवा. पाणी पातळीखाली असेतो तो कोरडा. पातळी ओलांडली की जादा पाणी त्याच्यावरून जाते. आत झिंक ऑक्साइडचे बारीक कण भाजून घट्ट केलेले असतात आणि दोन कणांमधली सीमा ठरावीक व्होल्टेजपर्यंत प्रवाह अडवून धरते. जपानच्या मात्सुशिता कंपनीतल्या मिचिओ मात्सुओका यांनी हा गुण हाती आणला; त्यांचा शोधनिबंध १९७१ सालचा. आज आपल्या बोर्डांवर सर्रास दिसणाऱ्या निळ्या चकतीवर '१४डी४७१के' असे छापलेले असते. चकतीचा व्यास १४ मिलिमीटर, आणि ४७० व्होल्टला ती एक मिलिअँपिअर वाहू देते. एसीवर ३०० व्होल्टपर्यंत तिला कायम काही होत नाही. मात्र ४७० हा आकडा पाहून ती त्यावर काहीच जाऊ देणार नाही असे समजू नये. पन्नास अँपिअरचा झटका आला तर तिच्या टोकांवर ७७५ व्होल्टपर्यंत चढू शकतात, आणि ते मागच्या सर्वांना सोसावे लागतात. झटका क्षणाचा असेल तर एमओव्ही तो पिऊन टाकते. व्होल्टेज मिनिटभर साडेतीनशेवर राहिले, तर प्रत्येक लाटेच्या शिखराशी वाहून वाहून ती तापते, फुटते आणि शॉर्ट होते. मग फ्यूज उडतो. बोर्डाचा जीव वाचवण्याची ही तिची रीत आहे.

भाचा : हे कॉलेजात शिकलोय. टेबलावरचं बोला. या एसीच्या बोर्डाचा फ्यूज गेलाय, एमओव्हीचे तुकडे झालेत. एवढा काळवंडलेला बोर्ड मी ग्राहकाला परत देऊ?

मामा : फ्यूजची काच बघ. आतून काळी-चंदेरी झालीय. म्हणजे तार हळूहळू वितळली नाही, एका क्षणात वाफ झाली. पुढं ठार शॉर्ट होता. शॉर्ट एमओव्हीचा होता, आता ती काढून टाकली. मीटर डायोडवर ठेव. ब्रिजचे चारही डायोड मोज. तीन अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाखवतात, चौथा शॉर्ट. ब्रिज गेला. आता आयपीएम मोज. 'पी'पासून यू, व्ही, डब्ल्यू; मग 'एन'पासून तिन्ही. सहाही जागी सारखं रीडिंग येतंय. म्हणजे कॉम्प्रेसर चालवणारं मॉड्यूल, या बोर्डावरचा सगळ्यांत महाग भाग, शाबूत दिसतोय. मार ब्रिजवर थांबला.

भाचा : मीटरचं रीडिंग बरोबर आलं म्हणून आयपीएम चांगला, असं मी लिहून देणार नाही.

मामा : मीही देत नाही. म्हणून पुढची पायरी. मेनचा पत्ताच नको. बेंच सप्लायवरून मागच्या बाजूनं पाच आणि बारा व्होल्ट द्यायचे, करंट मर्यादित ठेवून. डिस्प्ले असेल तर लागतो, दिवा लुकलुकतो, रिले टकटक करतात. तर मेंदू जिवंत. पाचाची लाईन चारशे-पाचशे मिलिअँपिअर ओढायला लागली आणि मायक्रो बोटाला चटका देऊ लागला, तर मेंदू गेला. त्यावर एक रुपयाचा पार्ट लावायचा नाही.

या साध्या चाचणीला मी फार मान देतो. काहीही विकत घेण्याआधी ती सांगते की या बोर्डात वाचवण्यासारखे काही उरले आहे का. मायक्रोकंट्रोलर बाजारात कोरा मिळाला तरी त्यातला प्रोग्राम कंपनीचा असतो, आणि तो वाचता येऊ नये असा बंद केलेला असतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ब्रिज मिळेल, मॉसफेट मिळेल, रिले मिळेल. तो प्रोग्राम मिळणार नाही.

भाचा : मग हा वॉशिंग मशीनचा? याचा फ्यूज तर उडालेला नाही, फ्यूजच्या जागी असलेला रेझिस्टर तेवढा ओपन आहे. बाहेरून एकदम स्वच्छ.

मामा : याचाच मी धसका घेतो. यात ट्रान्सफॉर्मर दिसतो का तुला? नाही. एलएनके ३०४ आहे, नुसता चोक लावून ३२५ व्होल्टवरून थेट खाली उतरवलंय. स्वस्त पडतं. पण हा आयसी आरपार शॉर्ट झाला, की मधे कुणीच नाही. वरचे तीनशेच्या वरचे व्होल्ट पाचाच्या लाईनीवर. मोज, पाचाची लाईन ग्राउंडला शॉर्ट. मायक्रो गेला, त्याच्यासोबत डिस्प्लेचा ड्रायव्हर गेला, मोटरच्या ट्रायकचं ट्रिगर गेलं असेल. या बोर्डाला मी हात लावणार नाही. याला तुझाच उपाय. नवा घे.

भाचा : (जरा थांबून) म्हणजे स्वच्छ दिसणारा टाकायचा, आणि काळा पडलेला वाचवायचा?

मामा : या दोघांच्या बाबतीत, हो.

इथे एक धोक्याची गोष्ट सांगून ठेवतो. ज्या बोर्डात ट्रान्सफॉर्मर नाही, त्याचे पाच व्होल्टसुद्धा मेन लाईनला जोडलेले असतात. 'पाचच तर आहेत' म्हणून चालू बोर्डाला हात लावणारा माणूस प्रत्यक्षात २३० व्होल्टला हात लावत असतो. आणि इन्व्हर्टर एसीचे मोठे कपॅसिटर लाईट बंद केल्यावरही काही मिनिटे भरलेले राहतात. मामा ते स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करत नाहीत, मोठ्या वॅटेजचा रेझिस्टर लावून उतरवतात आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय बोर्ड उचलत नाहीत. घरी व्हिडिओ पाहून बोर्ड उघडणाऱ्यांनी यातले काहीही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाचा : ठीक आहे, एसीचा मेंदू जिवंत आहे असं धरू. पण माझी खरी हरकत पुढंच आहे. तुम्ही ब्रिज टाकाल, एमओव्ही टाकाल, चालू कराल. पण त्या झटक्यानं जे अर्धमेलं झालंय त्याचं काय? मॉसफेटच्या गेटचा थर जरासा दुखावला, तो आज चालतो आणि दिवाळीला जातो. कपॅसिटरवर साडेतीनशे एसीचे जवळजवळ पाचशे डीसी आले, त्याचं रेटिंग साडेचारशेचं. तो फुगलेला नाही, पण मार खाल्लेला आहे. तुम्हाला मीटरवर दिसणार नाही.

मामा : कपॅसिटर मी ठेवतच नाही. न्यूट्रलचा मार असेल तर मोठा कपॅसिटर न विचारता बदलायचा. मॉसफेट उडालेला असेल तर तो एकटा कधी जात नाही. सोबत करंट बघणारा छोटा रेझिस्टर, गेटचा रेझिस्टर आणि बहुतेकदा पीडब्ल्यूएमचा आयसीही घेऊन जातो. एकच बदलून चालू करणारा दुसरा मॉसफेटही उडवतो. म्हणून पहिल्यांदा लाईट द्यायची ती सिरीज बल्बमधून. पिवळा, तारेचा, शंभर वॅटचा. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर कपॅसिटर भरला आणि पुढं शॉर्ट नाही. फुल पेटून राहिला तर बंद कर, अजून काहीतरी आहे. तो बल्ब पार्ट वाचवतो. हल्ली तारेचे बल्ब मिळेनात, म्हणून मी पेटीभर घेऊन ठेवलेत. एलईडी त्या कामाला चालत नाही.

भाचा : आणि इन्सुलेशन? मामा, यावर तुम्ही बोलतच नाही. मेन आणि पाच व्होल्टच्या बाजूमध्ये बोर्डावर पाच-सहा मिलिमीटरची रिकामी पट्टी सोडलेली असते, ती उगाच नाही. एमओव्ही फुटली की काजळी त्या पट्टीवर बसते. तपकिरी कागदी बोर्ड जळाला की त्याचा कोळसा होतो, आणि कोळशातून करंट वाहतो. त्या पट्टीवरून वायचा निळा कपॅसिटर दोन्ही बाजूंना जोडतो. त्याच्या जागी कुणी साधा डिस्क कपॅसिटर टाकला आणि तो शॉर्ट झाला, तर टीव्हीच्या मागच्या पोर्टवर मेन लाईन येते. ग्राहकाचं पोर त्याला पेन ड्राइव्ह लावणार असतं. बाजारात असे कपॅसिटर टाकणारे, जळालेल्या ट्रॅकवरून वायर ओढणारे, फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळणारे मी रोज बघतो. म्हणून माझ्या कंपनीचा नियम बरोबर आहे. बोर्ड बदला.

मामा : तार पिळणाऱ्याला दुरुस्ती करणारा म्हणू नकोस.

भाचा : तुम्ही मेगर लावता?

मामा : लावतो. जळकी जागा आधी खरवडून काढतो, अगदी बोर्डाला भोक पडलं तरी चालेल पण कोळसा ठेवत नाही. आयसोप्रोपाइलनं धुतो. मग ५०० व्होल्टच्या मेगरनं दोन्ही बाजूंमधलं इन्सुलेशन बघतो. काटा खाली आला तर बोर्ड भंगारात. पण तुझं म्हणणं खरं आहे. आमच्या पेठेत मेगर लावणारे फार नाहीत.

वादाच्या या टप्प्यावर मी पूर्णपणे भाच्याच्या बाजूने आहे. चालू होणे ही दुरुस्तीची परीक्षा नव्हे. इन्सुलेशनची पट्टी अभंग राहिली आहे की नाही ही परीक्षा आहे, आणि ती मोजल्याशिवाय बोर्ड दुकानाबाहेर जाता कामा नये. ब्रिज बदलण्यात चूक झाली तर बोर्ड पुन्हा जळेल. इथे चूक झाली तर माणूस जाईल. सुट्या भागांबद्दलही त्याची शंका रास्त आहे. जुन्या भागांवरचे आकडे खरवडून नवे छापलेले मॉसफेट आणि आकार मोठा पण आत भलतेच असलेले कपॅसिटर बाजारात आहेत. ओळखीचा विक्रेता आणि घेतल्यावर मीटरवर तपासणी, एवढेच त्यावर औषध.

मात्र नव्या बोर्डात धोका नसतो, हे त्याचे गृहीत मला मान्य नाही.

मामा : तू नवा बोर्ड बसवलास. न्यूट्रल कशानं तुटला, घरात अर्थिंग आहे का, हे पाहिलंस?

भाचा : ते आमच्या जॉब शीटमध्ये नाही.

मामा : मग पुढच्या वळवात तुझा नवा बोर्डही त्याच वाटेनं जाणार. एमओव्ही फेज आणि न्यूट्रलच्या मधे असते. विजेचा झटका पुष्कळदा दोन्ही तारांवर एकत्र येतो, जमिनीच्या तुलनेत. मग त्या दोघींच्या मधली एमओव्ही काय करणार? तिला दोन्हीकडं सारखंच दिसतं. तो झटका जमिनीत उतरवायला अर्थिंग लागतं. अर्थिंग नसेल, तर तो त्या वायच्या कपॅसिटरमधून पलीकडं उडी मारतो आणि सरळ मायक्रोवर पडतो. घराघरांत तीन पिनांचे सॉकेट आहेत, आणि तिसऱ्या पिनेला मागं वायरच नाही.

भाचा : स्टॅबिलायझर असतो की एसीला.

मामा : न्यूट्रलसाठी उपयोग आहे, जादा व्होल्टेजला कट-ऑफ करणारा असेल तर. विजेसाठी नाही. त्याचा रिले हलायला मिलिसेकंद लागतात. तोवर झटका येऊन गेलेला असतो. त्यासाठी मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस बसवायचं, तेही अर्थिंग नीट असेल तरच. आणि गडगडायला लागलं की प्लग काढायचा, डिशची केबलही काढायची. पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप आहे, जवळ कुठं वीज पडतेय ते दाखवतं. गिऱ्हाइकांच्या फोनवर मी स्वतः टाकून देतो.

पैशांचा विषय ओघाने निघालाच. एका डायोडपायी अख्खा बोर्ड बदलायला लागणे सामान्य घराला परवडत नाही, आणि उपकरण थोडे जुने असेल तर बोर्ड मिळतोच असे नाही. मग चांगली मोटर, चांगला कॉम्प्रेसर, चांगला पत्रा, सगळेच भंगारात. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि जुन्या मालाची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी ते उत्पादकांवर टाकतात. पण वस्तू कचऱ्यात जाण्याच्या आधीचा प्रश्न दुरुस्तीचा आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचे पोर्टल सुरू झाले. घरगुती उपकरणे त्यात येतात. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी याचे गुण छापावे लागतात.

भाचा : मामा, पण कंपनीनं सगळं उघड केलं तर तार पिळणाऱ्याच्या हातीही ते पडणार.

मामा : तार पिळणारा डायग्राम बघतच नाही. बघणारा मी आहे. पूर्वी टीव्हीसोबत सर्किटचा नकाशा यायचा, कोणत्या जागी किती व्होल्ट हवेत ते छापलेलं असायचं. आता बोर्डावर नुसता नंबर. काही बोर्ड तर जेलमध्ये बुडवून देतात. ओलाव्यापासून जपायला हे मला कळतं, पण आतला पन्नास पैशांचा रेझिस्टर काढायला दोन तास जेल खरवडावं लागतं.

भाचा : जेल नसेल तर बाथरूममधला बोर्ड गंजून जाईल.

मामा : म्हणून तर तक्रार जेलची नाही. नकाशा दे, एवढंच मागणं आहे.

यावर भाच्याजवळ उत्तर नव्हते. मला वाटते, ते कुणाजवळच नाही. प्रोग्राम कंपनीने खुशाल बंद ठेवावा, ती तिची मेहनत आहे. पण ३२५ व्होल्टच्या बाजूचा नकाशा, तपासणीच्या जागांचे व्होल्टेज आणि इन्सुलेशनची सुरक्षित अंतरे यांत कुठलेही व्यापारी गुपित नाही. ती माहिती दडवल्याने वाईट कारागीर थांबत नाही. चांगल्याला मात्र अंदाजाने काम करावे लागते. आणि वरच्या सगळ्या वादातून मला एकच गोष्ट पटली आहे : बदलणे आणि दुरुस्त करणे यांतली निवड स्वभावाने किंवा नियमाने करायची नाही, मार कुठवर पोचला ते मोजून करायची. न मोजता बोर्ड बदलणारा आणि न मोजता पार्ट बदलणारा, दोघेही ग्राहकाच्या पैशावर अंदाज बांधत असतात.

एसीचा तो बोर्ड नवा ब्रिज, एमओव्ही, फ्यूज आणि कपॅसिटर घालून सिरीज बल्बवर चालला आणि मेगरलाही उतरला. इन्सुलेशनचे रीडिंग भाच्याने स्वतः घेतले.

वाचकांना माझी विनंती आहे. बोर्ड दुरुस्तीला देताना नुसते 'बंद पडले' म्हणू नका. गडगडत होते का, शेजारचे दिवे मंद झाले होते का, डिशची केबल जोडलेली होती का, हे सांगा. बोर्ड बदलून घेतलात तर जुना मागून घ्या आणि तो कशाने गेला ते बिलावर लिहून मागा. दुरुस्त करून घेतलात तर इन्सुलेशन मोजले का, ते विचारा. आणि दोन्हीपैकी काहीही केलेत, तरी उपकरण पुन्हा प्लगला लावण्याआधी त्या सॉकेटच्या तिसऱ्या पिनेला खरेच अर्थिंग आहे का, हे परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या.